पोकळ मण्यांचे दिवस

१२ सप्टेंबर
पुन्हा तडा. सकाळी भट्टी उघडली तेव्हा नळीवरचा पापुद्रा पांढराशुभ्र, एकसंध दिसत होता. भिंगाखाली धरला तर सगळीकडं भेगांची जाळी. माकणीच्या धरणाचं पाणी मागं हटलं की काठचा गाळ उकलतो, अगदी तसं. मातीची नळी तापली की फुगते, तिच्यावर चढवलेला झिओलाईटचा, त्या सच्छिद्र खनिजाचा, थर पाणी सोडून आकसतो. दोघांच्या ओढाताणीत थर फाटतो. कारण पाठ आहे. उपाय नाही.
पीएच.डी.चं पाचवं वर्ष. काय केलं म्हणून कुणी विचारलं तर सांगायचं, पापुद्रे चढवले आणि फाटलेले बघितले.
दुपारी बी.एस्सी.च्या पोरींना टायट्रेशन. एकीनं विचारलं, मॅडम तुम्ही परमनंट की तासिकेवर? म्हटलं, ब्युरेटकडं बघ.

१४ सप्टें.
आबांना आज बरं. कळंबला माझ्या, म्हणजे लेकीच्या, खोलीवर आल्यापासून त्यांना ऑक्सिजनच्या मशीनची सवय झाली, मला तिच्या घरघरीची. आधी मेंढरं, मग मेंढरं विकून कितीतरी वर्षं खडी केंद्र. तिथली धूळ छातीत बसली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस कडक झालंय. आबा म्हणाले, "जन्मभर दगडच फोडला, मग दगडच व्हणार की."
मशीन भिंतीतल्या बटनाला बांधलेली. नाकातली नळी जिथं ताणते तिथं आबांचं जग संपतं. खाट, मोरी, खिडकी. आज खिडकीत बसून बाजार समितीकडं जाणारी उडदाची पोती बघत होते.
मीही तशीच. खोली, कॉलेज, खोली.

१९ सप्टें.
गाईड सरांचा फोन, धाराशिवहून. परिषदेला पेपर पाठवायचाय. "पापुद्र्याचा एखादा स्वच्छ फोटो दे."
म्हटलं, जुलैतल्या एका नळीचा आहे सर, पण फक्त टोकाचा. बाकी नळीला भेगा आहेत.
"टोक तर टोक."
फोटो पाठवला. सोबत स्पष्ट लिहिलं, टोकाचाच आहे आणि ही नळी परत जमलेली नाही. सरांनी अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा.

२३ सप्टें.
ओव्हनमध्ये डबे ठेवून तासाला गेले, वीज गेली. जनरेटर प्राचार्यांच्या खोलीपुरता. परत येईस्तोवर सगळं थंड. स्फटिक अर्धवट वाढलेले, काही बारीक, काही ढोबळे. फेकून दिलं.
तशीच पळत खोलीवर. तिथलीही वीज गेलेली. आबा मोठा सिलिंडर लावून भिंतीला टेकून बसलेले. स्वतःच लावला. "शिकलो की म्या," म्हणाले. ओठ जरा निळसर होते. मी चहा टाकला.

२८ सप्टें.
मशीनवरचा पिवळा दिवा लागला. पिवळा म्हणजे हवा नुसतीच येते, ऑक्सिजन पुरेसा नाही. लातूरच्या मेकॅनिकला फोन केला. उद्या येतो म्हणाला. तोवर सिलिंडर. मन कशात लागेना. भांडी दोनदा घासली.

२९ सप्टें.
मेकॅनिक आला. मशीन उघडली, आतली दोन नळकांडी काढून वर्तमानपत्रावर उलटी केली. पांढरे बारीक दाणे, साबुदाण्यासारखे. पावसाळी दमट हवा आत शिरली, दाण्यांनी पाणी धरलं, आता ते नायट्रोजन धरत नाहीत. नवीन घालावे लागतील.
मी बघतच राहिले. झिओलाईट. पुस्तकात हजार वेळा वाचलंय की मशीनमध्ये हेच असतं. माझ्याच घरात, आबांच्या खाटेशी ते रात्रंदिवस घरघरतंय, हे कधी असं डोक्यातच आलं नव्हतं.
आबांनी एक दाणा बोटावर घेतला. "तू ह्येच करायलीस व्हय इतकी वर्सं?"
"हेच. पण ह्याचा पापुद्रा."
"त्यानं काय व्हतंय?"
सांगितलं. ह्याच्या अंगात डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. हवेतला एक वायू त्यात अडकतो, दुसरा पुढं जातो. पापुद्रा जमला तर अशी मशीन लहान होईल.
"किती ल्हान?"
"खांद्याला अडकवण्याएवढी." का बोलले कुणास ठाऊक. तशा मशीन बाजारात आहेत, आपल्या आवाक्यातल्या नाहीत, आणि माझ्या पापुद्र्याचा त्यांच्याशी अजून काहीएक संबंध नाही.
आबा दाण्याकडं बघत म्हणाले, "मंग लवकर कर, माय. मला अणदूरला जायचंय. खंडोबाला."

२ ऑक्टोबर
सुट्टी, तरी लॅबमध्ये. मेकॅनिकनं टाकून दिलेले दाणे घेऊन गेले होते. ब्लेडनं एक कापला. गाभ्यापर्यंत भरीव. हवा वरच्या थरात पटकन शिरते, गाभ्यात जायला आणि बाहेर यायला वेळ घेते. मशीन तर दर काही क्षणांनी दाब चढवते, उतरवते. मग तो गाभा निम्मा वेळ उगाच बसून. वजन मात्र त्याचंच.
गाभाच नसला तर?
हे नवीन नाही. पोकळ गोळ्या लोकांनी केल्यात, पेपर वाचलेत. पण मी पाच वर्षं नळीला चिकटून बसले.

५ ऑक्टो.
घरमालकांकडं नवा फ्रिज आला. खोक्यातला थर्माकोल अंगणात पडलेला. चुरून दाणे काढले. मालकीणबाई बघत होत्या. "मॅडम, काय शोभेचं करायलात का?" म्हटलं, हो, तसंच काहीतरी.
कृती डोक्यात आहे. थर्माकोलच्या दाण्यावर आधी चिकट पॉलिमरचा हात. मग झिओलाईटच्या अतिबारीक स्फटिकांच्या दुधात बुडवायचा. पुन्हा पॉलिमर, पुन्हा दूध. कवच धरलं की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाढू द्यायचं. शेवटी एसीटोनमध्ये टाकायचं, आतला थर्माकोल विरघळून कवचाच्या फटींतून निघून जाईल. उरेल नुसती पोकळ गोळी.
कागदावर सगळं सोपं असतं.

१३ ऑक्टो.
सगळे चुरगळले. ओव्हन जास्त तापला, थर्माकोल आतल्या आत बसला, कवचं त्याच्यासोबत. मनुके. पांढरे मनुके.
आच कमी, वेळ जास्त. उद्या.

२१ ऑक्टो.
परिषदेची यादी आली. आमच्या पेपरच्या मथळ्यात ‘भेगारहित पापुद्रा’. खाली सरांचं नाव आणि माझं.
भेगारहित. शब्द तीनदा वाचला. दिवसभर वर्गात काय शिकवलं आठवत नाही.

२५ ऑक्टो.
धाराशिवला गेले. शेजारच्या काकू आबांपाशी बसल्या. एस.टी. येरमाळ्यात बराच वेळ थांबली, सरांना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तिथं गेल्यावर एकही जुळवलेलं वाक्य आलं नाही.
"सर, ती नळी परत होत नाही."
"एकदा झाली ना?"
"फक्त टोकाला. तुम्ही भेगारहित लिहिलंय."
सर चष्मा पुसत राहिले. वाईट माणूस नाहीत. मला बाहेरच्या कुणीही घेतलं नसतं तेव्हा त्यांनी घेतलं. माझ्यासाठी विद्यापीठाच्या मायक्रोस्कोपवर वेळ मिळवायला तासन् तास उभे राहिलेत. पण त्यांची निवृत्ती जवळ आली आणि हातात सांगण्यासारखं काही नाही, हे मला कळतंय.
"मग तुम्हीच लिहा परिषदेला," शेवटी म्हणाले. "मला जमणार नाही."
तू-वरून तुम्ही-वर आले. ते जास्त लागलं.
बसस्टँडवर बसून मोबाईलवरच मेल लिहिली. पेपर मागे घेत आहोत. निकाल पुन्हा मिळालेला नाही. पाठवली. 

३ नोव्हेंबर
सर फोन उचलत नाहीत. माझी मुदतवाढ त्यांच्या सहीवर आहे.
आबांना काही सांगितलं नाही. त्यांनी आपण होऊन विचारलं, "तुझ्या मास्तराचा फोन न्हाय आला लई दिस."
"कामात असतील."
"तू बी जेवना झालीस नीट. तू बी कामात व्हय?"

९ नोव्हें.
झाले. आज झाले.
बशीत एसीटोन, त्यात गोळ्या. थर्माकोल विरघळताना बारीक बुडबुडे. बऱ्याच फुटल्या. मूठभर राहिल्या. वाळवल्या, हळूहळू तापवल्या, डिग्री डिग्रीनं. एक मुद्दाम फोडली. आत काही नाही. भिंगाखाली कवचाची कडा दिसली, स्फटिक एकमेकांत घुसलेले, दाट.
आणि भेग नाही. कारण आतून ओढणारं कुणी नाही. कवच आकसतं तर सगळं मिळून आकसतं.
एक गोळी डबीत घालून घरी नेली. आबांच्या तळव्यावर ठेवली. त्यांच्या श्वासानं ती हलली.
"वजनच न्हाय की. ज्वारीच्या लाहीवानी."
मग बराच वेळ हात तसाच धरून बसले, गोळी पडू नये म्हणून.
सरांना गोळीचा फोटो पाठवला, फोन लावला. उचलला नाही.

११ नोव्हें.
आबांनी अणदूरचं परत काढलं. वर्षातले काही दिवस मूर्ती नळदुर्गला नेतात, देव तिकडं हलायच्या आत जायचं. मी म्हटलं, एवढ्या लांब सिलिंडरवर कसं. ते म्हणाले, "तुझी मशीन व्हईस्तवर म्या राहीन का?"
 गावी माकणीला भावाला, नागनाथदादाला फोन केला. तो म्हणाला, मित्राची जीप आणतो, रविवारी जाऊ.

१६ नोव्हें.
अणदूर. लिहायला आत्ता बसले. आता तुळजापूरच्या दवाखान्यात आहोत. आबा झोपलेत, मास्क लावून.
जाताना सगळं छान. आबा पुढं बसले, सिलिंडर दादानं सीटला दोरीनं बांधलेला. रस्त्यानं जुनं जुनं बोलत होते. कुठं मेंढरं बसवायचो, कुणाच्या विहिरीवर पाणी. नळदुर्गच्या पुढं गेल्यावर काचेतून कळस शोधायला लागले.
देवळात गर्दी बेताची. एका कुटुंबानं भंडारा उधळला. पिवळा धुरळा आमच्याकडं आला. मी ओढणी त्यांच्या नाकावर धरली, त्यांनी माझा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे." मला राग आला, धूळच ती, त्यांना धूळ म्हणजे काय मला माहीत आहे. पण त्यांचं तोंड बघितलं आणि हात खाली घेतला. खोकला आला. खोकत खोकत हसत होते.
परत निघालो. नळदुर्गच्या अलीकडं ट्रक आडवा झालेला, दोन्हीकडं रांगा. सिलिंडरचा काटा खाली येत चाललेला. मी ऑक्सिजनची धार कमी केली. आबांना पुढं वाकवून बसवलं, ओठ मिटून फुंकर घालत श्वास सोडा म्हटलं. त्यांची नखं निळी पडायला लागली. दादा उतरून पुढं गेला, परत पळत आला. "शेतातून वाट हाय, ट्रॅक्टर चाललेत." जीप तुरीतून घातली. धक्का बसला की आबांचं डोकं माझ्या खांद्यावर आदळायचं. दादा रडत होता आणि चालवत होता.
काटा तळाला टेकला तेव्हा तुळजापूर दिसत होतं.
मी वाटेत काय बोलत होते आठवत नाही. दादा म्हणतो, तू त्यांना गोळ्या कशा करायच्या ते सांगत होतीस. थर्माकोल, पॉलिमर, दूध, पॉलिमर, दूध.

१८ नोव्हें.
कळंबला परत. डॉक्टरनी मला झापलं, बरोबर झापलं. आबा म्हणाले, "तिला नगा बोलू. म्याच हट केला." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "देव बघितला. आता तू तुझं बग."
मला त्यांचा राग आला होता आणि अजून गेलेला नाही. आणि परत मागितलं तर परत नेईन. दोन्ही खरं.

६ डिसेंबर
आज सर लॅबमध्ये. न सांगता, एस.टी.नं, पिशवीत पाण्याची बाटली. मी उठून उभी राहिले. त्यांनी खुर्ची ओढली. "दाखव."
तू म्हणाले.
गोळ्या दाखवल्या. भिंगाखाली बराच वेळ बघितलं. मग एक चिमटीत धरली आणि दाबली. पीठ झालं. 
"मशीनमध्ये दाब दिवसरात्र चढतो-उतरतो. ही टिकेल?"
"भिंत जाड करता येईल सर."
"जाड केलीस की हवा हळू. मग भरीव दाण्यात काय वाईट होतं? आणि पोकळीत जी हवा नुसती बसून राहील, तिचं काय?"
मी खडू घेतला.  तासभर फळ्यावर भांडलो. मजा आली, खोटं कशाला लिहू. कवच दोन थरांचं करायचं, बाहेर टणक चिकणमातीमिश्रित, आत पातळ शुद्ध, असं काहीतरी निघालं. निघालं म्हणजे फळ्यावर निघालं.
जाताना सहीचा कागद मागून घेतला, सही केली. "रागावलो होतो," म्हणाले. "अजून आहे. पण ते माझं माझ्यापाशी."
स्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यांची पिशवी मी धरली.

२२ डिसें.
दोन थरांच्या गोळ्या. निम्म्या चांगल्या. चिमटीत दाबल्या तर फुटतात, पण जोर लावावा लागतो. हवेचं मोजमाप करायचं यंत्र इथं नाही. सरांच्या ओळखीच्या एक मॅडम पुण्यातल्या लॅबमध्ये आहेत, त्यांना नमुना पाठवला. मी रोज मेल बघते. दिवसातून कितीदा ते लिहीत नाही.

९ जानेवारी
उत्तर आलं. एका डबीतल्या गोळ्यांनी नायट्रोजन चांगला धरला, लवकर सोडला. दुसऱ्या डबीतल्यांनी नाही. दोन्ही डब्या एकाच कृतीच्या.
म्हणतात, इकडं या, आमच्यासमोर करा, काय चुकतं बघू. काही महिने राहायची सोय करू.
काही महिने.
खोलीत फेऱ्या मारत होते. आबा खाटेवरून म्हणाले, "मेंढराला वाघरीच्या जाळीत कोंडल्यावानी काय करायलीस? बस की."
बसून सांगितलं.
"जा," म्हणाले.
"आणि तुम्ही?"
"माकणीला. नागनाथाकडं. पोरगं न्हाय का माझं त्ये?"
माकणीत वीज कळंबपेक्षा जास्त जाते. हे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी माहीत नसल्यासारखं केलं. मीही.

१७ जाने.
वहिनीशी फोनवर बोलले. मशीनची जाळी कशी धुवायची, बाटलीत पाणी कितपत, पिवळा दिवा म्हणजे काय. ती म्हणाली, "ताई, आम्हाला बी समजतंय. तुम्ही नसताना काय कुणी करीतच न्हाय असं नका वाटून घेऊ." लागलं. बरोबरच होतं.
कॉलेजला कळवलं. माझे तास दुसऱ्या कुणाला देतील. परत मिळतील न मिळतील.

२६ जाने.
आबांना माकणीला पोचवलं. दादानं ओसरीत खाट घातली आहे, उजेड चांगला. इन्व्हर्टर बसवलाय, जुनाच, कुणाकडून तरी आणलेला. किती वेळ टिकतो विचारलं, दादानं दुसरीकडं बघितलं.
निघताना पाया पडले. आबा म्हणाले, "रडू नको, मला दम लागतोय बघून." मग स्वतःच नळी सारखी करत बसले.

४ फेब्रुवारी, पुणे
लॅब मोठी, स्वच्छ, थंड. ओव्हन एकदाही बंद पडला नाही. इथल्या मुलींना वीज जाते म्हणजे काय ते सांगावं लागतं. पहिली तुकडी केली, सगळं तेच, हात तेच. चुरगळली. कळंबला जे जमलं ते इथं का नाही? पाणी वेगळं, हवा कोरडी, की मीच वेगळी? मॅडम म्हणाल्या, घाई नको. घाई हा शब्द ह्यांच्याकडं वेगळ्या अर्थाचा आहे.
दुपारी दादाचा फोन. काल वीज गेली होती, इन्व्हर्टर संपला, सिलिंडर लावला, आता सगळं ठीक. "आबा म्हणत होते, आपल्या उजाला सांगू नको." मग सांगितलं का, असं विचारलं. म्हणाला, "मग कुणाला सांगू?"
जेवण गेलं नाही. बॅग भरली, परत काढली.

१५ फेब्रु.
दुसरी तुकडी बरी दिसते. आतल्या थराला एक दिवस जास्त दिला. बहुतेक गोळ्या शाबूत आहेत. उद्या दाबाच्या यंत्रात जाणार, चढ-उतार, चढ-उतार, आठवडाभर न थांबता. टिकल्या तर पुढं मोजमाप. फुटल्या तर पुन्हा पहिल्यापासून.
संध्याकाळी आबांचा फोन. आवाज बारीक. वहिनीनं प्यायला हुलग्याचं माडगं केलं होतं, धरणावर पक्षी आलेत, दादाची एक शेळी व्यायली. मग विचारलं, "तिकडं हवा कशी हाय?"
"बरी आहे आबा. तुमच्याकडं?"
"हाय की."
बोलणं संपलं. त्यांना फोन बंद करता येत नाही, नेहमी वहिनी येऊन करते. आज ती आली नाही. मी जिन्यात उभी, फोन कानाला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. आत, मग बराच वेळ काही नाही, मग बाहेर. मी ठेवला नाही.